डकारमधल्या घरात राहायचं तर

सेनेगलच्या राजधानीत, डकारला, शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांची तयारी बहुधा फ्रेंचपाशी संपते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्राँसेजमध्ये दोन-तीन वर्षं काढलेली असतात, आणि शेख आंता दियोप विद्यापीठाच्या वर्गात ती कामीही येतात. पण ज्या यजमान कुटुंबाच्या घरात राहायचं, तिथे स्वयंपाकघरात आणि गच्चीवर वोलोफ ही तिथली भाषा चालते. यजमान बाई तुमच्याशी फ्रेंच बोलतील, आपसात नाही बोलणार. वोलोफची चाळीस-पन्नास वाक्यं निघण्याआधी पाठ केली तर पहिला महिना पुष्कळ सोपा जातो.

त्याहून मोठी अडचण आपल्या डोक्यातल्या 'पेइंग गेस्ट'ची. पैसे भरले, खोली मिळाली, डबा मिळाला, दार लावून अभ्यास केला, असं पुण्या-मुंबईत चालतं. मेर्मोझ, वाकाम किंवा साक्रे-कर या वस्त्यांतल्या घरात खोली तुमची असली तरी दिवसा तिचं दार बंद दिसलं की कोणीतरी ठोठावतं. मुलगी आजारी आहे का, रुसली आहे का, घरून वाईट बातमी आली का? एकटं बसणं ही तिथे कोणी हौसेने करायची गोष्ट नव्हे. घराची पहिली अपेक्षा एवढीच की तुम्ही सगळ्यांत येऊन बसावं. बोललं नाही तरी चालतं. पुस्तक घेऊन दिवाणखान्यात बसलात तर कोणी हरकत घेत नाही, तेच पुस्तक खोलीत वाचलंत तर चौकशी होते. परीक्षेच्या दिवसांत खरोखर एकांत हवा असेल तर तो घराबाहेर, ग्रंथालयात शोधावा. घरात शोधला की गैरसमज ठरलेला.

घरात शिरल्यावर आधी सलाम. 'अस्सलाम मालेकुम' म्हणायचं, 'मालेकुम सलाम' ऐकायचं, मग 'नांगा देफ?' म्हणजे कसं काय, त्यावर 'मांगी फी रेक', मग घरच्यांची चौकशी, मग कामाची, मग रात्र कशी गेली याची. घरात सहा माणसं असतील तर सहाही जणांशी हे व्हायला हवं. घाईत नुसता हात हलवून खोलीत जाणं हा तिथे उर्मटपणा मानतात, आणि तो तोंडावर कोणी सांगत नाही, म्हणून महिना-महिना कळतही नाही. दुसरी मेख अशी की उत्तर नेहमी 'सगळं ठीक' असंच द्यायचं. ताप असला तरी आधी 'मांगी फी रेक, अल्हम्दुलिल्ला', आणि चार वाक्यांनंतर ताप. हस्तांदोलन उजव्या हाताने. काही वयस्क पुरुष परक्या बाईच्या हातात हात देत नाहीत, त्यात अपमान नाही. छातीवर हात ठेवून मान झुकवली की झालं.

पहिल्या आठवड्यात तुम्हाला सेनेगली नाव मिळतं, आणि आडनाव त्या घराचं. ते शोभेचं नसतं. गल्लीतला दुकानदार आडनाव ऐकूनच ठरवतो की तुमची थट्टा करायचा हक्क त्याला आहे की नाही. एन्दियाय आणि दियोप या आडनावांत पिढ्यान् पिढ्या चेष्टेचं नातं चालत आलं आहे. एन्दियाय दिसला की दियोपने म्हणायचं, 'तुम्ही लोक भात फार खाता', आणि समोरच्याने तेच परत करायचं. हे न कळल्यामुळे खादाड म्हटलं म्हणून डोळ्यांत पाणी आणणारी मुलं असतात. 'जाड झालीस' हे वाक्यही कौतुकाचं धरावं, त्याचा अर्थ आमच्या घरचं अन्न तुला मानवलं असा होतो.

आता जेवण. यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण बरीचशी घरं तुटतात किंवा जुळतात ती परातीभोवती.

दुपारचं जेवण दोन-तीनच्या सुमारास, रात्रीचं नऊनंतर. चटई अंथरतात, मध्ये मुलामा दिलेली मोठी परात ठेवतात, भोवती पाच ते आठ माणसं. चपला चटईच्या कडेबाहेर काढायच्या, परात ओलांडायची नाही, गुडघे झाकलेले हवेत. परातीचा जो त्रिकोण तुमच्यासमोर येतो तेवढाच तुमचा. मासा आणि भाज्या मध्ये असतात. घरातली बाई हाताने मासा मोडून, गाजर-कसावाचे तुकडे करून प्रत्येकाच्या बाजूला सरकवते, पाहुण्याच्या बाजूला जास्तच. आपण हात लांबवून मधला तुकडा उचलणं वाईट दिसतं. उजवा हात किंवा चमचा, दोन्ही चालतं. हाताने खायचं ठरवलंत तर आपली सवय जरा बदलावी लागते: आपण बोटांच्या टोकांनी घास घेतो, तिथे भात तळहातात दाबून, जादा तेल पिळून त्याचा गोळा करतात. मन लावून पाहिलं तर दोन दिवसांत जमतं. डावा हात मांडीवर, परातीच्या आसपासही नाही. पोट भरलं की 'सूर ना' म्हणून उठायचं. इतरांसाठी थांबायची गरज नसते, उलट उठलात की बाकीच्यांना जागा होते. 'अजून खा, खा' हा आग्रह तीनदा होणारच, त्याला घाबरून पहिल्याच दिवशी पोट फुगवून घेऊ नये. आपल्या बाजूचा भात जरासा सोडून उठलं तरी चालतं.

रोजचा थोरला पदार्थ म्हणजे चेबु जेन, मासे-भात. युनेस्कोने २०२१ मध्ये तो आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. करायला अडीच-तीन तास लागतात आणि शिकायचा असेल तर सकाळी दहा-साडेदहाला स्वयंपाकघरात हजर राहावं. पार्स्ली, लसूण, कांद्याची पात, मिरची, मीठ उखळीत कुटून ते वाटण माशाला चिरा पाडून आत भरतात. मासा भरपूर तेलात तळून बाजूला. त्याच तेलात कांदा आणि टोमॅटोचा घट्ट गर लालबुंद होईपर्यंत परततात. इथे घाई केली की आंबट कच्ची चव राहते आणि ती शेवटपर्यंत जात नाही. मग पाणी, सुकवलेला मासा, चिंच, आणि कोबी, गाजर, कसावा, वांगी, जाखातू नावाचं कडवट वांगं. जी भाजी शिजेल ती काढून घ्यायची, सगळ्या एकदम नाही. शेवटी तांदूळ, तोही अख्खा नव्हे, कणी. ती धुऊन, आधी त्याच भांड्यावर वाफवून मग रश्शात शिजवतात, म्हणून दाणा मोकळा राहतो. बुडाला लागलेली खरवड खरवडून वेगळी वाढतात आणि तिच्यासाठी मुलं भांडतात, तुम्हाला मान म्हणून पहिली देतील. ही कणी बरीचशी आशियातून येते, भारतातूनही. २०२२च्या सप्टेंबरात भारताने कणीच्या निर्यातीवर बंदी घातली होती, त्यावरून एखादा काका तुम्हालाच जाब विचारू लागला तर आश्चर्य मानू नये.

शाकाहाऱ्यांनी मात्र हे वाचून नीट विचार करावा. भातच माशाच्या रश्शात शिजतो, त्यामुळे 'मासा बाजूला काढून खाईन' याला अर्थ नाही. 'दुमा लेक याप', मी मांस खात नाही, एवढंच सांगितलंत तर समोर मासा येतो, कोंबडीही येऊ शकते, कारण 'याप' म्हणजे गाई-बकऱ्यांचं मांस. मासा, कोंबडी, सुका मासा, रश्शात चवीला घालायची मॅगीची वडी, प्रत्येकाचं नाव वेगळं घेऊन सांगावं लागतं, आणि तेही घर ठरण्याआधी, राहायची सोय करणाऱ्या संस्थेच्या समन्वयकामार्फत. ऐन परातीसमोर सांगितलं तर बाईला मान खाली घातल्यासारखं होतं. शुद्ध शाकाहारी माणसाला वेगळी थाळी मान्य करावी लागेल, आणि वेगळी थाळी म्हणजे परातीबाहेर बसणं. तरीही परातीशेजारी चटईवरच बसून खावं, खोलीत नेऊ नये. शेंगदाण्याच्या रश्शाचं माफे वेगळ्या पातेल्यात बिनमांसाचं होऊ शकतं. सकाळी पावात घातलेली न्दांबे, म्हणजे मसालेदार चवळीची उसळ, नाक्यावरच्या बाईकडे मिळते, पण तिच्यातही वडी असू शकते, विचारून घ्यावी. 'लाख' नावाची बाजरीची लापशी आंबट दुधाबरोबर बहुतेकांना लगेच आवडते. गोमांस नको असलेल्यांचं काम तुलनेने सोपं. 'यापु नाग' म्हणजे गाईचं, 'यापु खार' म्हणजे मेंढीचं. पहिल्याला नाही म्हणा, दुसरं मिळेल. कारण विचारलं तर धर्म सांगावा. देशात मुसलमानांची संख्या ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. हिंदू आहे, प्रार्थना करते, हे त्यांना पटतं. 'मी काहीच मानत नाही' हे पटायला जड जातं. खोलीत उदबत्ती लावायला कोणी नाही म्हणत नाही, त्यांच्याकडे च्युराय नावाचा धूप घरोघरी जळतो. भेट म्हणून चांगली चंदनाची उदबत्ती आणि शेंगदाण्याची चिक्की नेली तर दोन्ही खपतात. शेंगदाणा तर तिथलंच पीक.

जेवणानंतर आताया. हा चहा म्हणजे चहा पिणं कमी आणि बसणं जास्त. कोळशाच्या छोट्या शेगडीवर चिमुकल्या किटलीत चिनी हिरवा चहा उकळतो. पहिली फेरी कडू, दुसरीत साखर आणि पुदिना, तिसरी गोडमिट्ट. मधल्या वेळात एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस चढवतात. फेस नसेल तर करणाऱ्याचं नाव खराब. तीन फेऱ्यांना दीड-दोन तास सहज जातात. पेले दोन-तीनच असतात आणि पाळीपाळीने फिरतात, त्यामुळे तुमच्या हातात आला की आवाज करत भुरकून संपवून लगेच परत द्यायचा. हातात धरून गप्पा मारत बसलात तर चार जण तुमच्या पेल्याकडे पाहत बसतात. रिकाम्या पोटी पहिली फेरी घेऊ नये, आणि झोप हलकी असणाऱ्याने रात्रीची तर घेऊच नये.

यातून एक घोळ होतो तो फोनचा. भारताची वेळ सेनेगलच्या साडेपाच तास पुढे. घरी रात्री साडेनऊला फोन करायचा म्हणजे डकारमध्ये दुपारचे चार, बरोबर आतायाची वेळ. रोज त्या वेळी कानाला फोन लावून खोलीत गेलात तर मघाचं बंद दार पुन्हा आलं. आठवड्यातून एकदा फोन तिथेच बसून करावा आणि आईला यजमानबाईशी दोन शब्द बोलायला लावावेत. भाषा कळत नसली तरी दोघींची चौकशी व्यवस्थित पार पडते, आणि त्यानंतर त्या बाईच्या लेखी तुम्ही खरोखर कुणाची तरी मुलगी होता.

पाणी, वीज आणि न्हाणीघर यांत मराठी माणसाला अमेरिकनांपेक्षा कमी त्रास होतो. बादलीने अंघोळ, शौचाला पाण्याचं प्लास्टिकचं भांडं. त्याला साताला म्हणतात, काम आपल्या टमरेलाचंच. पाणी जायची सवय असलेल्या वस्तीत रात्री बादल्या भरून ठेवतात. तुम्ही शेवटची बादली वापरलीत तर भरूनही ठेवायची. वीज बऱ्याच घरांत वोयोफाल मीटरवर असते. आधी पैसे भरून आकडे घ्यायचे, मीटरवर दाबायचे, मग दिवे. महिन्यात युनिट वाढत गेले की दर चढतो, त्यामुळे पाणी तापवायची कांडी, इस्त्री, रात्रभर चालणारा पंखा यांवर घराचं लक्ष असतं. महिन्यातून एकदा स्वतःहून रिचार्जचे पैसे देणं हे कुठल्याही भेटवस्तूपेक्षा चांगलं. भिंतीतले प्लगचे सॉकेट फ्रेंच धर्तीचे, गोल खळगा आणि आत वर आलेली एक पिन. आपली तीन पिनांची जाड खुंटी बसत नाही, बारीक दोन पिनांची बसते. अॅडॉप्टर मुंबईहूनच न्यावा. कपडे घरची कामवाली धुते, पण आतले कपडे स्वतः धुवायचे आणि गच्चीवर समोरच्या दोरीला न घालता आडोशाला वाळवायचे. गच्चीवर बहुधा मेंढाही असतो, ताबास्कीसाठी, म्हणजे बकरीदसाठी, पाळलेला. पहाटे तो आणि मशिदीचा भोंगा दोन्ही उठवतील.

पैशाचं गणित निराळंच आहे. कागदावर हिशेब सेफा फ्रँकचा, एका युरोला ६५५.९५७ हा ठरलेला दर. रुपये नेऊन उपयोग नाही, युरो न्यावेत. बाजारात मात्र वोलोफ आकडे पाच-पाच फ्रँकच्या देरेममध्ये मोजले जातात. बाई 'तेमेर' म्हणाली तर शब्दशः शंभर, पण शंभर देरेम, म्हणजे ५०० फ्रँक. 'न्यार फुक' म्हणजे वीस, म्हणजे १०० फ्रँक. 'जुन्नी' म्हणजे ५,०००. वोलोफ शिकलेला विद्यार्थीच इथे जास्त फसतो, कारण फ्रेंचमध्ये आकडा सरळ फ्रँकचा असतो. ऐकलेल्या वोलोफ आकड्याला पाचने गुणायचं, बस्स. १०,०००ची नोट घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलात तर मोड नाही असंच उत्तर मिळतं. नोटा सुपरमार्केटमध्ये मोडून घ्याव्यात आणि १०० व २०० ची नाणी जपून ठेवावीत. पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घेतलं की मोबाइलवरून पैसे देण्यासाठी वेव्ह किंवा ऑरेंज मनी सुरू करावं, निम्मे प्रश्न सुटतात. बसमध्ये मात्र नाणीच लागतात. शहरात फिरणाऱ्या पांढऱ्या मिनीबसना लोक सरळ 'ताता' म्हणतात, आपल्याच टाटाच्या गाड्या, जुळणी सेनेगलमधल्याच तिएस शहरात झालेली.

घरभाड्याचे पैसे मात्र बाईच्या हातात मोजून देऊ नयेत, घासाघीस तर मुळीच नाही. संस्थेमार्फत गेले तर उत्तम. स्वतः घर शोधलं असेल तर मधल्या ओळखीच्या माणसाकडून आधीच ठरवून घ्यावं: जेवणं किती, रविवार धरून का, धुणं कोणाकडे, इंटरनेट कोण भरणार, खोलीला कुलूप आहे का, मैत्रीण राहायला आली तर चालेल का. नंतर हे विषय निघाले की चव जाते. जेवायला येणार नसाल तर सकाळी अकराच्या आत कळवा. तुमचा वाटा काढून झाकून ठेवलेला असतो आणि तो रात्री तसाच पाहून बाईला वाईट वाटतं. उसने पैसे मागणारे दूरचे काका भेटतीलच. 'बा बेनेन योन', पुढच्या वेळी, असं हसून म्हणायचं. रोखठोक 'नाही' तिथे तोडून टाकल्यासारखं लागतं, आणि एकदा दिलेत तर परत मागणंही अवघड.

सणांत ताबास्की सर्वांत मोठा. आधी दोन आठवडे शिंप्यांकडे रांगा लागतात, कपडा महिनाभर आधी टाकला नाही तर सणानंतर हातात येतो. सकाळच्या नमाजानंतर घरातच मेंढा कापतात. पाहवत नसेल तर त्या तासाभरात खोलीत राहिलेलं चालतं, पण नंतर कांदे सोलायला खाली यावं; त्या दिवशी कांद्यांचा ढीग संपता संपत नाही. संध्याकाळी नवे कपडे घालून मुलं दारोदार पैसे मागत फिरतात, त्यासाठी सुटी नाणी जवळ असू द्या. मोठी माणसं वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ कर म्हणतात, तुम्हीही तेच म्हणायचं. रमजानमध्ये घरात दिवसा स्वयंपाक होईलच असं धरू नका. उपास केलाच पाहिजे असं कोणी म्हणत नाही, पण संध्याकाळच्या न्दोगूला, खजूर-पाव-कॉफी घ्यायला, हजर राहिलात तर सगळं साधतं. विद्यापीठात संप होतात आणि वेळापत्रक महिनोन् महिने सरकतं. २०२३च्या जूनमध्ये दंगलीनंतर विद्यापीठ बंदच करावं लागलं होतं. अशा वेळी अख्खा दिवस घरात जातो, आणि आधी परातीभोवती बसायची सवय लावली नसेल तर तो फार लांब जातो.

तब्येतीचं. पहिल्या पंधरवड्यात पोट बिघडणार असं धरून चाला. दोषी बहुधा मासा नसतो, बर्फ घातलेलं बिस्साप सरबत आणि कच्चं सॅलड असतं. ओआरएसची पाकिटं घरून न्या. पावसाळा जुलै ते ऑक्टोबर, आणि हिवतापाचा जोर तेव्हा नि त्यानंतर काही आठवडे. तिथला हिवताप मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, त्याला क्लोरोक्विन चालत नाही, म्हणून घरातल्या जुन्या गोळ्या नेण्यात अर्थ नाही. प्रतिबंधक औषध कोणतं ते डॉक्टर ठरवतील. ताप आला तर 'उन्हाने असेल' म्हणून दोन दिवस थांबू नये, त्याच दिवशी रक्त तपासावं. घरची माणसं किंकेलिबाचा काढा देतील, तो प्यावा, पण तपासणी चुकवू नये. डिसेंबर ते मार्च सहाराची धूळ येते, दमेकऱ्यांनी पंप जादा न्यावा.

निघायची तारीख आठवडाभर आधी सांगा. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या वहीत तुमच्या नावावर काही राहिलं असेल तर फेडा, नाहीतर ते घराच्या नावावर जातं. विमानतळ दिआसला, शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर, त्यामुळे पहाटेचं विमान असेल तर रात्रीच सगळ्यांचा निरोप घ्यावा लागतो. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्याला डावा हात देतात; ही चूक दुरुस्त करायला तुम्ही परत यावं म्हणून. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. लस जाण्याआधी किमान दहा दिवस घेतलेली हवी, आणि कार्ड खरं तर परतताना लागतं: सेनेगलहून भारतात येणाऱ्याकडे ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हिवतापाच्या गोळ्या घरी पोचल्यावर लगेच थांबवायच्या नसतात. डॉक्सीसायक्लिन आणखी चार आठवडे, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. पुढच्या काही महिन्यांत ताप आलाच तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सेनेगलचं नाव सांगा, म्हणजे ते व्हायरल म्हणून पाठवून देणार नाहीत.